संगणकातील इमारत खरी केव्हा वाटते?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. वाचकांच्या सोयीसाठी काही ठिकाणी विस्तार केला आहे.)



दहावी-बारावीनंतर आपल्या मुलामुलींनी काय शिकावे, हा विषय स्मरणिकेच्या पानांना नवा नाही. डॉक्टर व्हावे, इंजिनियर व्हावे, शिक्षक व्हावे, असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत आणि ते योग्यच आहे. आज मात्र मी अशा एका कलेविषयी सांगणार आहे, जिचे नाव आपल्या घरांत अजून फारसे निघत नाही. इमारत उभी राहण्यापूर्वीच ती कशी दिसेल याचे चित्र संगणकावर तयार करणे, ही ती कला होय. रस्त्याच्या कडेचे मोठमोठे फलक आठवा. त्यांवर उंच इमारत, दारात झाडे, गॅलरीत उभे कुटुंब असे चित्र असते आणि फलकामागे पाहावे तर नुसता मोकळा भूखंड असतो. ते चित्र छायाचित्र नव्हे. कोणीतरी संगणकासमोर बसून ती इमारत रचलेली असते, तिच्यावर ऊन पाडलेले असते.

हे शिकण्यासाठी फार पैसा लागेल, असे पालकांना वाटते. त्यांच्यासाठी एक हकीकत सांगतो. ब्लेंडर नावाची या कामाची एक प्रणाली आहे. ती तयार करणारी हॉलंडमधील कंपनी बंद पडली, तेव्हा तिचे कर्ते टॉन रूसेंडाल यांनी २००२ साली लोकांपुढे झोळी पसरली. एक लाख युरो जमले तर ही प्रणाली सर्वांसाठी मोकळी होणार होती. सात आठवड्यांत ती रक्कम जमली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ब्लेंडर सर्वांसाठी खुले झाले. वर्गणीतून शाळा कशा उभ्या राहतात, हे ज्या समाजाने अनुभवले आहे, त्याला या गोष्टीचे मोल सांगावयास नको. आज खेड्यातील मुलगाही ते मोफत उतरवून घेऊ शकतो.

साधन मोफत आहे, धडेही मोफत आहेत. मग अडते कोठे? नवशिका विद्यार्थी एक खोली रचतो. भिंती सरळ असतात, खिडकी जागेवर असते, टेबल-खुर्ची मांडलेली असते. तरीही चित्र प्लास्टिकच्या खेळण्यासारखे दिसते. कोठे चुकले हे त्याला सांगता येत नाही, पाहणाऱ्यालाही सांगता येत नाही. पण चित्र खोटे आहे हे दोघांनाही क्षणात कळते. याचे कारण माझ्या मते एकच. संगणकाला हिशेब येतो, पाहणे येत नाही. पाहण्याचे काम आपले आहे आणि आपण ते केलेले नसते.

प्रकाशाचा हिशेब

या विद्येचे मूळ ज्या विचारात आहे, तो विचार आपल्याला जवळचा आहे. युक्लिड, टॉलेमी यांसारखे प्राचीन विद्वान असे मानीत की डोळ्यांतून किरण निघतात आणि ते वस्तूला जाऊन भिडले की वस्तू दिसते. बसरा येथे सुमारे ९६५ साली जन्मलेल्या इब्न अल्-हैसम यांनी हे मत खोडून काढले. प्रकाश वस्तूवरून निघून डोळ्यांत येतो म्हणून आपण पाहतो, असे त्यांनी ‘किताब अल्-मनाझिर’ या ग्रंथात मांडले, आणि ते नुसत्या तर्काने न मांडता प्रयोगांच्या आधारे मांडले. हा ग्रंथ पुढे लॅटिन भाषेत गेला आणि युरोपातील विद्वानांनी त्याचा कित्येक शतके अभ्यास केला.

संगणकावरचे चित्र याच तत्त्वावर तयार होते. दिव्यातून किंवा सूर्यातून प्रकाश निघतो, भिंतीवर आपटतो, तेथून जमिनीवर जातो आणि शेवटी कॅमेऱ्यात येतो. हा सारा प्रवास मोजून चित्र काढणे, याला रेंडर करणे म्हणतात. गंमत अशी की सोयीसाठी संगणक हा माग उलटा काढतो. तो कॅमेऱ्यापासून निघतो आणि प्रकाशाच्या उगमापर्यंत जातो. टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली किरणांचा असा माग काढून आरसे व काच दाखविण्याची रीत प्रसिद्ध केली. १९८४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी रंगीत भिंतींची एक पेटी घेऊन, एका भिंतीचा रंग दुसरीवर कसा उतरतो हे गणिताने दाखविले. १९८६ साली जेम्स काजिया यांनी हा सर्व व्यवहार एका समीकरणात बसविला. म्हणजे हिशेबाची बाजू आता पक्की झाली आहे. परंतु हिशेबाला आपण जे आकडे देऊ, तसेच उत्तर येणार. तेव्हा आकडे कोणते द्यावेत ते पाहू.

माप खरे असावे

पहिली गोष्ट मापाची. नवशिका अंदाजाने पेटी काढतो आणि तिला खोली म्हणतो. दार मग कधी पाच फुटांचे होते, कधी दहा फुटांचे. माणसाच्या नजरेला काही मापे जन्मभराच्या सवयीने ठाऊक असतात. दार सुमारे सात फूट उंच आणि तीन फूट रुंद असते. जिन्याची पायरी सुमारे सहा इंच उंच असते. खुर्चीची बैठक जमिनीपासून ४५ सेंटीमीटर आणि टेबल ७५ सेंटीमीटर. यांतले एक माप बिघडले की पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण खोली बाहुलीच्या घरासारखी वाटू लागते.

मापाचा परिणाम प्रकाशावरही होतो. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो, हे आपण विज्ञानाच्या पुस्तकात शिकतो. खोली दसपट मोठी काढली तर तिच्यातला दिवा काजव्यासारखा होतो आणि विद्यार्थी दिव्याचा दोष समजून वाटेल तसे आकडे वाढवीत बसतो. म्हणून सांगतो, प्रथम पाच मीटरची एक टेप विकत घ्या. संगणकाआधी ती लागते.

कड कधीच सुरीसारखी नसते

दुसरी गोष्ट लहान आहे, पण तिच्यामुळे चित्रात सर्वांत लवकर फरक पडतो. आपण आता ज्या टेबलापाशी वाचत बसला आहात, त्याच्या कडेवरून बोट फिरवा. सुताराने ती थोडी घासलेली आढळेल. भिंतीचा कोपरा, खिडकीची चौकट, दगडी पायरी, कोणतीही कड पूर्ण धारदार नसते. दोन-तीन मिलीमीटरची का होईना, गोलाई असतेच. त्या गोलाईवर उजेडाची बारीक रेघ उमटते आणि वस्तूचा आकार नजरेत भरतो. संगणकात काढलेला ठोकळा मात्र गणिती असतो. त्याची कड शून्य जाडीची असते, तिच्यावर रेघ उमटू शकत नाही. म्हणून जवळून दिसणाऱ्या प्रत्येक कडेला थोडी गोलाई द्यावी. मात्र लाकडाला, दगडाला आणि गिलाव्याला एकच गोलाई देऊ नये. गवंड्याच्या हातची कड आणि सुताराच्या हातची कड यांत फरक असतो.

ऊन आणि सावली

आता मुख्य विषयाकडे येऊ. नवशिक्याचे चित्र बहुधा प्रकाशात बिघडते. तो सूर्य मनाला येईल तेथे ठेवतो. पण सूर्य कोठे असतो हे आपल्याला भूगोलाच्या तासाला शिकविलेले असते.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील बीबी का मकबरा घ्या. सतराव्या शतकात शहजादा आझम शाह याने आपली आई दिलरास बानू बेगम हिच्यासाठी बांधलेली ही वास्तू आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. प्रवेश दक्षिणेकडून आहे. म्हणजे चारबागेतून चालत येणाऱ्याला जी बाजू समोर दिसते, ती दक्षिणमुखी आहे. हे ठिकाण सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. तेव्हा ऊन समोरच्या कमानींवर तिरपे पडते आणि कोनाड्यांत सुंदर सावल्या उतरतात. २१ जूनला मात्र सूर्य या ठिकाणाच्या उत्तरेकडूनच जातो. त्या दिवशी दक्षिणेच्या उभ्या भिंतीवर दिवसभरात थेट ऊन पडतच नाही. आता एखाद्याने बाग पावसाळ्यासारखी हिरवीगार काढली, आकाशात जूनचे ढग ठेवले आणि समोरच्या भिंतीवर लख्ख ऊन पाडले, तर पाहणाऱ्याला खगोल येवो न येवो, त्याला चित्र खटकेल. महिना, वेळ आणि दिशा ठरविल्याशिवाय सूर्याला हात लावू नये.

दुसरे असे की सूर्य हा बिंदू नाही. आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची दिसते. म्हणून कोणत्याही सावलीची कड पूर्ण तीक्ष्ण नसते. सावली टाकणारी वस्तू एक मीटर दूर असेल, तर कड सुमारे नऊ मिलीमीटर पुसट होते. दहा मीटर दूर असेल, तर नऊ सेंटीमीटर. खांबाची सावली बुंध्यापाशी रेखीव आणि टोकाला विरलेली असते, ती यामुळेच. सूर्याचा आकार शून्य ठेवला तर सर्व सावल्या कात्रीने कापल्यासारख्या पडतात.

जाळीतून येणाऱ्या उन्हाचे निरीक्षण तर प्रत्येकाने करावे. जाळीचे भोक चौकोनी असो की षट्कोनी, ते पुरेसे लहान असेल आणि जमीन पुरेशी दूर असेल, तर खाली पडणारे कवडसे गोल असतात. कारण प्रत्येक कवडसा हे सूर्याचे चित्रच असते. चिंचेच्या झाडाखालीही हेच दिसते. सूर्यग्रहणात तेच कवडसे कोरीसारखे होतात. ग्रहणाच्या वेळी छिद्रातून पडणाऱ्या प्रतिमेच्या आकारावर इब्न अल्-हैसम यांनी स्वतंत्र प्रबंध लिहिला आहे. जाळी रचणाऱ्या विद्यार्थ्याने सूर्याला त्याचा खरा आकार दिला, की हे गोल कवडसे त्याच्या चित्रात आपोआप उमटतात.

तिसरे, सावली म्हणजे काळोख नव्हे. उन्हाच्या सावलीत आकाशाचा निळसर उजेड असतो, आणि लाल मातीच्या अंगणाला लागून असलेली पांढरी भिंत तळाशी तांबूस दिसते. म्हणून सूर्याबरोबर आकाशही हवे. आकाशाची सर्व बाजूंनी घेतलेली, उजेडाची खरी पातळी राखणारी छायाचित्रे पॉली हेवन या संकेतस्थळावर कोणत्याही अटीशिवाय मोफत मिळतात. तसे एक आकाश लावले तरी चित्राचा अर्धा खोटेपणा जातो.

पांढरा म्हणजे किती पांढरा?

मकबऱ्याचेच उदाहरण पुढे चालवू. दुरून सारी वास्तू पांढरी दिसते. परंतु तिच्यात दोन पांढरे आहेत. खालच्या भागात काही उंचीपर्यंत संगमरवर आहे, घुमट संगमरवराचा आहे, आणि मधला मोठा भाग काळ्या दगडाचा असून त्यावर घोटीव गिलावा दिला आहे. नवशिका दोन्हींना एकच पांढरा रंग देतो आणि वास्तू साबणाच्या वडीसारखी दिसू लागते. संगमरवरात प्रकाश थोडा आत शिरतो, आतल्या आत पसरतो आणि मग बाहेर येतो, म्हणून तो मऊ वाटतो. गिलाव्याचा प्रकाश जवळजवळ पृष्ठभागावरूनच परततो. संगमरवर, दूध, माणसाची त्वचा यांतील हा आतला प्रवास संगणकावर व्यवहार्य वेळात दाखविण्याची रीत हेन्रिक वान येन्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केली. आज ती ब्लेंडरमध्येही आहे, एक आकडा वाढविला की चालू होते. पण कोठे वाढवावयाचा हे वास्तू पाहिल्याशिवाय कसे कळणार?

रंगांच्या आकड्यांतही संयम हवा. संगणकात पांढऱ्याचा आकडा एकपर्यंत नेता येतो, म्हणजे भिंत आलेला सगळा प्रकाश परत फेकते. अशी भिंत जगात नाही. नव्याने रंगविलेली पांढरी भिंतही सुमारे ८० टक्के प्रकाश परत देते. म्हणून पांढरा ०.८ च्या आसपास ठेवावा. काळा शून्य ठेवू नये. कोळसादेखील चारएक टक्के प्रकाश परत करतो.

चकाकीचेही तसेच. जमिनीवर घोटलेली शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर उभे राहून सरळ खाली पाहा. फरशीच दिसेल. आता खोलीच्या टोकाला बसून दूरवर तिरपी नजर टाका. त्याच फरशीत खिडकीचे प्रतिबिंब दिसेल. धातू सोडून बहुतेक सर्व वस्तू समोरून पाहता सुमारे चार टक्केच प्रतिबिंब देतात आणि नजर तिरपी होईल तसे ते वाढत जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याचे गणित दिले. आजच्या प्रणाली हे गणित स्वतःच करतात. विद्यार्थ्याने फक्त पृष्ठभाग किती गुळगुळीत, किती खरबरीत, एवढे ठरवावयाचे असते. आणि येथे लक्षात ठेवावे की वापरातली फरशी सर्वत्र सारखी गुळगुळीत नसते. जाण्यायेण्याच्या वाटेवर तिची चकाकी निराळी असते, कोपऱ्यात निराळी.

घर वापरलेले दिसावे

येथून आपण झिजेकडे येतो. नवशिक्याला कोणी सांगितले की तुझी भिंत फार स्वच्छ आहे, तर तो साऱ्या भिंतीला सारखाच मळका पोत लावतो. मळ असा सारखा पसरत नाही. त्याला कारण असते आणि जागा असते. दाराला हात लागतात ते कडी-कोयंड्याजवळ, म्हणून तेथे तेलकट काळपटपणा येतो. दगडी पायरी मध्यभागी झिजते, कारण लोक मध्यावरून चढतात. खिडकीच्या खालच्या पट्टीच्या दोन टोकांना पावसाचे ओघळ दिसतात. पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून उडते, म्हणून भिंतीच्या तळाला फूट-दीड फूट मातीचे शिंतोडे आणि शेवाळ असते. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या अंगाची भिंत अधिक ओल धरते. ज्याला हे ठाऊक आहे, त्याला डाग कोठे काढावा हे विचारावे लागत नाही. आणि डाग थोडेच पुरतात. फार काढले तर घर पडके वाटते.

तीच गोष्ट पुनरावृत्तीची. एकच झाड दहा ठिकाणी ठेवले तर डोळा ते ताबडतोब पकडतो. प्रत्येकाला थोडे फिरवावे, थोडे लहानमोठे करावे. कौलांत एखादे कौल सरकलेले असावे, वर्गातील बाके दोरीत असली तरी एखादे इंचभर पुढे असावे.

कॅमेरा माणसाच्या उंचीवर

रचना उत्तम झाली, तरी कॅमेरा चुकला तर सर्व वाया जाते. आपण जग जमिनीपासून सुमारे पाच फुटांवरून पाहतो, म्हणून कॅमेराही दीड ते १.६ मीटरवर ठेवावा. गवंड्याचा ओळंबा जसा भिंतीला लागतो, तसा चित्रालाही लागतो. कॅमेरा वर किंवा खाली झुकविला की भिंतीच्या उभ्या रेषा एकमेकींकडे कलतात. वास्तूच्या छायाचित्रात त्या उभ्याच राखण्याची पद्धत आहे. त्यासाठी कॅमेरा सरळ ठेवून चौकट वर सरकविण्याची सोय वापरावी. खोलीच्या आतील चित्राला २४ ते ३५ मिलीमीटरचे भिंग पुरते. त्याहून रुंद घेतले तर कोपरे ताणले जातात. इमारत दाखविताना मागचेपुढचे फार धूसर करू नये, कारण ती धूसरता आपल्याला लहान वस्तूच्या जवळच्या छायाचित्रात पाहावयाची सवय आहे. मोठी इमारत तशी धूसर केली तर खेळणे वाटते.

उजेडाची पातळीही कॅमेऱ्यासारखीच ठरवावी. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, रात्री घरात ट्यूबलाइटखाली शे-दोनशे लक्स. डोळा हा प्रचंड फरक सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. खोली नीट दिसत असेल तर खिडकीबाहेरचा भाग उजळून जाणारच. खोलीही स्वच्छ आणि बाहेरचे आकाशही गडद निळे, असे दोन्ही साधले की चित्र चिकटविल्यासारखे दिसते.

अभ्यास कसा करावा

वाचकांपैकी जे विद्यार्थी आहेत, त्यांना मी असा अभ्यास सुचवितो. राजवाडा रचू नका. स्वतःच्या घरातील एक खोली घ्या, जिला एकच खिडकी आहे. ती टेपने मोजा. सकाळी दहा वाजता दिवे बंद करून तिचे एक छायाचित्र काढा आणि कॅमेरा कोठे होता ते लिहून ठेवा. मग तीच खोली संगणकावर रचा. सुरुवातीला सर्व वस्तूंना एकच राखाडी रंग द्या आणि केवळ उजेड जुळवा. उजेड जुळेपर्यंत रंगांकडे वळू नका. त्यानंतर एकेक पदार्थ घ्या: भिंत, फरशी, लाकूड, कापड. शेवटी झीज. दर टप्प्याला छायाचित्र आणि चित्र शेजारी ठेवून पाहा आणि फरक वहीत लिहा. सर्व झाल्यावर दोन्ही घरातील मोठ्यांना दाखवा आणि विचारा, यातली आपली खोली कोणती? अम्मी क्षणभर थबकली तर समजावे, अभ्यास चांगला झाला.

यंत्र साधे आहे म्हणून निराश होऊ नका. चित्रातील दाणे निम्मे करावयाचे असतील तर चौपट नमुने घ्यावे लागतात, म्हणजे वेळही जवळपास चौपट. म्हणून चाचणीची चित्रे लहान आकारात काढावी, थोड्या नमुन्यांवर भागवावे, दाणे पुसण्याची सोय वापरावी आणि मोठे चित्र रात्री लावून ठेवावे. ॲलेक्स रोमन या स्पॅनिश कलावंताने २००९ साली ‘द थर्ड अँड द सेव्हन्थ’ नावाचा लघुपट प्रसिद्ध केला. त्यात लुई कान यांचे एक्झिटर येथील ग्रंथालय आणि इतर वास्तू दिसतात. अनेकांना ते चित्रीकरणच वाटले, पण जवळजवळ सारे संगणकावर रचलेले होते. तेव्हाची यंत्रे आजच्यापेक्षा कितीतरी मंद होती.

खरे दिसणे आणि खरे असणे

आता शेवटचा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हे चित्र कोण पाहतो? आपल्या कोकणातील कितीतरी कुटुंबांतील कर्ता माणूस कुवेतमध्ये किंवा सौदीत असतो. घर घ्यावयाचे ठरते, तेव्हा इमारत उभी नसते आणि माणूसही येथे नसतो. फोनवर एक चित्र जाते. वीस वर्षांची कमाई त्या चित्राकडे पाहून ठरते. असे चित्र काढणाऱ्याच्या हाती केवढी जबाबदारी आहे, याचा विचार करा.

खोटे बोलण्याच्या युक्त्या या कलेत पुष्कळ आहेत. भिंग रुंद घेतले की दहा फुटांची खोली पंधरा फुटांची वाटते. पलंग सहा फुटांऐवजी पाच फुटांचा ठेवला की खोली ऐसपैस होते. समोरची इमारत पुसली की खिडकीतून आकाश दिसते. उत्तरेच्या खिडकीतून हिवाळ्याचे ऊन आत पाडले की गिऱ्हाईक खूश होते, पण ते ऊन त्या खिडकीत कधीच येणार नसते. कायद्यानेही याची दखल घेतली आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या १२ व्या कलमानुसार, जाहिरातीतील, माहितीपत्रकातील किंवा नमुना घरातील असत्य माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाले तर विकासकाला भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडावयाचे असेल, तर भरलेली सर्व रक्कम व्याजासह परत मागता येते.

पण कायदा नंतर येतो, चित्र आधी निघते. म्हणून चित्रकाराने स्वतःशी नियम करावा: माप नकाशातले, सूर्य त्या गावचा, पलंग पुऱ्या लांबीचा, आणि शेजारी जे आहे ते आहे तसे. यासाठी वेगळे काही शिकावे लागत नाही. वर जे जे सांगितले, त्याच अभ्यासातून ही सचोटी येते. आणि ज्या पालकांना संगणकाला हातही लावावयाचा नाही, त्यांनाही या माहितीचा उपयोग आहे. जाहिरातीतील चित्र समोर आले की विचारा: पलंग किती लांब आहे? ही खिडकी कोणत्या दिशेची? खिडकीसमोर काय आहे?

आता शब्द लिहिले की चित्र देणाऱ्या प्रणालीही आल्या आहेत, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्या प्रणालींचे चित्र देखणे असते. पण त्यातील दार तीन फुटांचे आहे, याची हमी ते चित्र देत नाही. घर घेणाऱ्याला देखणेपणाच्या आधी ती हमी हवी असते, आणि ती मोजून रचलेल्या चित्रातूनच मिळते.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की, शाळा सुटल्यावर संगणक कक्षाला कुलूप न लावता तो आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलामुलींसाठी खुला ठेवावा. पाच यंत्रे आणि पाच टेपा एवढे भांडवल सुरुवातीला पुरे. पालकांना विनंती की, मूल भिंतीकडे किंवा जमिनीवरच्या कवडशाकडे टक लावून बसले तर त्याला रिकामटेकडे समजू नये. आणि विद्यार्थ्यांना सांगणे की, उद्या सकाळी घराच्या उंबरठ्यावर पडलेली सावली पाहा, तिची कड कोठे तीक्ष्ण आहे, कोठे विरली आहे ते बोटाने मोजा आणि वहीत लिहा. अभ्यासाचा पहिला धडा तोच.